घरच्या ताकाचं रँच ड्रेसिंग जमत नाहीये, कुठे चुकतंय?

ताम्हण

मंडळी, मदत हवी आहे.

जूनमध्ये ओहायोतलं घर आवरून आम्ही कायमचे पुण्यात आलो. लेक नऊ वर्षांची आहे. तिकडे तिच्या शाळेच्या डब्यात गाजर, काकडी, ब्रोकोली, जे काही असेल त्याच्याबरोबर रँचची (ताक-मेयोनीजचं दाट अमेरिकन सॅलड ड्रेसिंग) एक छोटी डबी असायचीच. इथे आल्यापासून कच्ची भाजी ताटात तशीच राहते. परदेशी मालाच्या दुकानात बाटली मिळते, पण ती महाग पडते आणि दर वेळी असेलच असंही नाही. मग म्हटलं, रँच म्हणजे मुळात ताकच की, घरी का करू नये?

काल केलं ते असं: विकतचं बिनअंड्याचं मेयोनीज अर्धी वाटी, घरचं ताक पाऊण वाटी, लसणाच्या ४ पाकळ्या, मूठभर शेपू, अर्धा कांदा, मीठ, मिरे. सगळं एकदम मिक्सरमधून काढलं.

झालं हिरवं पाणी. गाजर बुडवून वर काढलं की सगळं ओघळून परत वाटीत. लसूण नाकात जाईल इतका तिखट, आणि मेयोनीजमुळे मागून एक गोडसर चव. लेकीने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "आई, हे रँच नाही, ही शेपूची भाजी आहे."

दाटपणा कसा आणायचा? ताक कुठलं घ्यायचं? आणि मुख्य म्हणजे ती बाटलीतली चव नक्की कशाची असते?

उंबरठा

शेपू मिक्सरमधून काढलात तिथेच बिनसलं. बाकीचं जाणकार सांगतील.

रानवाट

आम्ही सिनसिनाटीत १४ वर्षं आहोत, आणि घरात रँच मीच करतो, म्हणून लिहितो.

ताई, आपलं ताक आणि इथलं बटरमिल्क ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कार्टनमध्ये मिळतं ते लोणी काढून उरलेलं नसतं. कमी स्निग्धांशाच्या पाश्चराइज्ड दुधाला खास विरजण लावून ते घट्ट करतात. योगर्टचे जीवाणू ४०-४५ अंशांवर वाढतात, तर बटरमिल्कचे साधारण २०-२५ अंशांवर, म्हणजे ओट्यावर ठेवून. त्यातले काही जीवाणू डायअसेटिल नावाचा पदार्थ तयार करतात. ताज्या लोण्याचा जो वास आपण लगेच ओळखतो तो याचाच. त्यामुळे बटरमिल्क आंबट असतं, दाट असतं आणि त्याला लोण्याचा वास असतो. कार्टनमधून ओततानाही त्याची पेजेसारखी जाड धार पडते.

तुम्ही घातलेल्या ताकात पाणी किती होतं?

ताम्हण

दह्याच्या दुप्पट. प्यायला करतो तेच घातलं.

रानवाट

मग ओघळणारच. पाऊण वाटी ताकात अर्धी वाटी नुसतं पाणीच गेलं.

खलबत्ता

रानवाट यांना अनुमोदन. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, थोडी भर घालते.

मेयोनीज दाट असतं ते तेलामुळे. तेलाचे बारीक बारीक थेंब पाण्याच्या थोड्याशा भागात इतके दाटीवाटीने बसलेले असतात की त्यांना हलायला जागाच उरत नाही. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. तुम्ही वरून पाणी ओतलं की थेंबांना हलायला जागा मिळते आणि सगळं सैल पडतं. एकदा सैल पडलं की मिक्सर कितीही फिरवा, परत येत नाही. म्हणून ताक सगळ्यात शेवटी, चमच्या-चमच्याने.

दुसरं लसणाचं. लसूण जितका बारीक वाटाल तितका तिखट. पाकळी फुटली की आतल्या दोन गोष्टी एकत्र येऊन तो झणका तयार होतो, आणि मिक्सरचं पातं पाकळीचा कणन् कण फोडतं. ताजाच लसूण हवा असेल तर लिंबाच्या रसात ठेचा. आंबटपणामुळे ती क्रिया मंदावते, झणका बराच उतरतो. पण खरं सांगू का, बाटलीतल्या रँचमध्ये ताजा लसूण सहसा नसतोच. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बाटलीतली चव म्हणजे लसूण पावडर, कांदा पावडर, सुका शेपू, सुकी पार्सली, मिरे आणि मोनोसोडियम ग्लुटामेट. आपण ज्याला सरसकट अजिनोमोटो म्हणतो ते.

तांबडा_भोपळा

काकडी चोचवायची, दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-मिरचीची फोडणी. लेकीला कोशिंबीर द्या की. एवढा खटाटोप कशासाठी? मुलांना इथली चव लावायची तर आत्ताच लावायला हवी.

निशिगंध_७८

@तांबडा_भोपळा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण पोरीचं घर सुटलं, शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. आपण तिकडे गेलो तेव्हा कढीपत्त्याच्या चार काड्यांसाठी पाऊण तास गाडी चालवत गेलोच होतो ना? तिच्यासाठी ही डबी म्हणजे तो कढीपत्ता आहे. कोशिंबीर ती खाईल हो, तिला वेळ द्या.

तांबडा_भोपळा

हे पटलं. मी त्या बाजूने विचारच केला नव्हता.

खलबत्ता

तरी कोशिंबिरीचा मुद्दा कामाचा आहे. मिठामुळे काकडीला पाणी सुटतं आणि ते दह्यात उतरतं. कोशिंबिरीत आपल्याला ते चालतं, किंबहुना हवंच असतं, पोळीने टिपून घेतो. ड्रेसिंगचं काम वेगळं. ते पानाला, फोडीला चिकटून बसलं पाहिजे. म्हणून भाजी कोरडी हवी. लेट्युस धुऊन स्वच्छ पंचात सैल गुंडाळायचं, पंचाची चारही टोकं धरून गॅलरीत जाऊन जोरात झटकायचं. पान ओलं राहिलं तर उत्तम रँचही घसरून तळाशी जातं.

सायसाखर

ताम्हण, बाळा, तू बाजार का धुंडाळते आहेस? तुझ्या फ्रीजमध्ये सायीचं भांडं आहे ना?

थोरल्याकडे ऑस्टिनला सहा महिने राहिले होते. एकदा सुनेने सावर क्रीमचा डबा उघडला. मी चमचाभर चाखलं आणि म्हटलं, अगं, हे तर विरजलेली साय! तिला हसू आलं, पण तेव्हापासून ती भारतात आली की माझ्या सायीच्याच भांड्यातून घेते.

आता ताकाचं सांगते. चार-पाच दिवसांची साय विरजून ठेव. दहाव्या दिवसाची उग्र वास मारणारी नको, तिचं तूप होतं पण ती कच्ची खायला चांगली लागत नाही. अर्धी वाटी विरजलेली साय आधीच बाजूला काढ, ते तुझं सावर क्रीम. उरलेली थंडगार असताना घुसळ आणि पाणी घालायची घाई करू नकोस. आधी ती फुगते, पांढरीशुभ्र होते. मग रवाळ दिसायला लागते. रवी जड होते, हाताला ओढ लागते, आणि मग एकाएकी हलकी होते, आवाज बदलतो, डचमळल्यासारखा. कडेला पिवळसर कण दिसतात. तिथे थांब. गोळ्याखाली जे दाट ताक सुटलेलं असतं ते वाटीत काढून घे. नंतर खुशाल बर्फाचं पाणी ओत आणि लोणी धुऊन घे. ते पहिलं ताक म्हणजे खरं ताक. त्यात लोण्याचा वासही असतो आणि अंगही असतं.

रानवाट

काकू, हे अगदी बरोबर. सावर क्रीममध्ये किमान १८ टक्के दुग्धस्निग्धांश असावा असा इथला नियम आहे. भारतात बरेच जण त्याच्याऐवजी चक्का वापरतात, मीही नाशिकला आलो की तेच करायचो. पण गाईच्या दुधाच्या चक्क्यात तेवढा स्निग्धांश नसतो, म्हणून ड्रेसिंग आंबट आणि कोरडं लागतं. सायीचा विचार मला १४ वर्षांत सुचला नाही.

आणि घरचं विरजण मिश्र असतं. त्यात बटरमिल्कच्या घराण्यातले जीवाणूही असतात, त्यामुळे वास जुळेल असं वाटतं. ताम्हणताई, करून नक्की सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

मी तर त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा टाकतो. भाजलेली मिरची, लसूण, मीठ. टेक्सासमध्ये हालापेन्यो मिरचीचं रँच मिळते, तेच आपलं नागपुरी रूप. तर्रीच्या गावचा माणूस आहे, फिकं उतरत नाही.

जास्वंद

मी वरून मोहरी-हिंगाची फोडणी देते, छान लागतं.

उंबरठा

जास्वंद, आलं-मिरची वाटून घातलीत आणि मेयोनीज काढलंत की तो मठ्ठाच झाला. जिलबी आणा, पंगत बसवू.

जास्वंद

हो, मग मठ्ठा आणि रँच चुलत भावंडंच म्हणायची. ताक, त्यात हिरवं काहीतरी, मीठ. एकाला आलं मिळालं, दुसऱ्याला तेल.

पोफळी

अवांतर, पण या पदार्थाची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. स्टीव्ह हेन्सन नावाचा गृहस्थ अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा आणि तिथल्या कामगारांसाठी स्वयंपाकही करायचा. हे ड्रेसिंग त्याने तिथे बसवलं. १९५४ मध्ये त्याने आणि त्याची बायको गेल यांनी कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ डोंगरात एक रँच, म्हणजे गुराढोरांची मोठी वाडी, विकत घेतलं आणि त्याला 'हिडन व्हॅली' नाव दिलं. म्हणजे या ड्रेसिंगचं नाव जागेवरून पडलं. पाहुण्यांना ते इतकं आवडायचं की निघताना ते बरणीतून घरी न्यायला मागायचे. पुढे त्यांनी सुक्या मसाल्याची पाकिटं टपालाने विकायला सुरुवात केली. मेयोनीज आणि बटरमिल्क गिऱ्हाइकाने आपल्या घरचं घालायचं. १९७२ मध्ये क्लोरॉक्स कंपनीने, म्हणजे त्या ब्लीचवाल्यांनी, हा ब्रँड ८० लाख डॉलरला घेतला. फ्रीजबाहेर टिकणारी बाटली आली ती १९८३ मध्ये.

म्हणजे जवळजवळ तीस वर्षं लोक रँच घरीच कालवत होते. बाटली नंतरची. ताम्हण करते आहे तीच मूळ रीत.

ताम्हण

पोफळी, हे लेकीला वाचून दाखवलं. टपालाने पाकिटं यायची हे तिला फार आवडलं.

मेयोनीजचं काय करू? बिनअंड्याचं जे जे आणलं ते सगळं गोडसर निघालं. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे अंड्याचं घरात नकोच.

मिरपूड

अंड्याचं नकोच, आणि ते फक्त शाकाहारासाठी नाही. मागच्या मे महिन्यात आमच्या घरी वाढदिवसाला मी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं. वाटी दोन तास टेबलावर राहिली. सातपैकी चार जण दुसऱ्या दिवशी आडवे, त्यात माझा सहा वर्षांचा भाचा. त्याला सलाइन लावावं लागलं. त्या दोन रात्री मी विसरणार नाही. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली ती साल्मोनेला जीवाणूंच्या भीतीनेच. अमेरिकेत कवचासकट पाश्चराइज केलेली अंडी मिळतात, इथल्या नेहमीच्या वाण्याकडे ती नसतात.

खलबत्ता

मिरपूड, वाचून वाईट वाटलं. भाचा आता ठणठणीत असेल अशी आशा.

ताम्हण, दुधाचं मेयोनीज करा. थंड दूध एक माप, वास नसलेलं तेल दोन मापं. सूर्यफुलाचं चालेल. फल्लीचं घाण्याचं तेल नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलही नको, ते पात्याखाली कडू होतं. अर्धा चहाचमचा मोहरीची पेस्ट, मीठ. उंच, अरुंद भांड्यात सगळं घाला, हँड ब्लेंडर तळाला टेकवा आणि मग सुरू करा. पहिले १५-२० सेकंद तो हलवायचा नाही. तळाशी पांढरे ढग दिसले की हळूहळू वर ओढा. लिंबाचा रस सगळ्यात शेवटी, त्याने ते आणखी आवळून येतं. इथे बलकाचं काम दुधातली प्रथिनं करतात.

देवचाफा

रँचपेक्षा सीझर सॅलडचं ड्रेसिंग करा. त्याला इतिहास आहे. १९२४, मेक्सिकोतलं तिहुआना, सीझर कार्दिनी यांचं रेस्टॉरंट.

मिरपूड

त्यात कच्चं अंडं असतं.

निशिगंध_७८

आणि सासूबाईंसाठी तर मुळीच नको. त्यातल्या वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही म्हणजे मासे असतात, आणि पारंपरिक पार्मेझान चीजला वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) लागतं. 'सॅलडच तर आहे' म्हणून आपण शाकाहारी माणसाच्या पुढे ठेवतो. माझ्या आईला मी अजाणता वर्षभर खाऊ घातलं, अजून मनाला लागतं. वेष्टनावरची घटकांची यादी नीट वाचून घेत जा सगळ्यांनी.

देवचाफा

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद, आमच्याकडे श्रावणात पाहुणे येणार आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

शेपूचं कोणी सांगितलं नाही. सुका कुठून आणायचा? आणि पार्सलीऐवजी कोथिंबीर चालते का?

रानवाट

कोथिंबीर नको. चांगली लागेल, पण ती लगेच चटणीकडे नेते. पार्सली नसेल तर सोडून द्या, तिचं काम रंगाचंच जास्त आहे. रँचमध्ये चाइव्ह (कांद्याच्या जातीची बारीक पात) घालतात, त्याच्या जागी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात, अगदी बारीक कापून. शेपू मात्र हवाच, आणि आपला शेपू इथल्या डिलपेक्षा उग्र असतो, म्हणून सुकवूनच घ्या. सुकला की वास मवाळ होतो.

सायसाखर

सध्या पावसात सुकणार नाही. दमट हवेत दोन दिवस ठेवलास तर काळा पडेल.

ताम्हण

आठवड्याने परत आले. केलं!

शेपूची फक्त वरची पिसासारखी पानं खुडली, कागदी रुमालाच्या दोन घड्यांमध्ये पसरली आणि मायक्रोवेव्हमध्ये ३०-३० सेकंद करत सुकवली. चौथ्या फेरीला बोटांत चुरचुरली. रंग हिरवाच राहिला.

दुधाचं मेयोनीज पहिल्यांदा बिघडलं, कारण मी ब्लेंडर लगेच वर ओढला. दुसऱ्यांदा खलबत्ता यांनी सांगितलं तसं तळाला दाबून धरलं. ढग उठले आणि बघता बघता भांडं पांढरं झालं. सायसाखर काकू, तुमची रवी हलकी होण्याची खूणही तंतोतंत आली. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "आता थांब" त्या म्हणाल्या आणि त्याच क्षणी आवाज बदलला.

शेवटचं माप: दुधाचं मेयोनीज अर्धी वाटी, विरजलेली साय अर्धी वाटी, लसूण पावडर अर्धा चहाचमचा, कांदा पावडर तेवढीच, सुका शेपू १ चहाचमचा, मिरपूड पाव चहाचमचा, मीठ पाव चहाचमच्याहून थोडं जास्त, लिंबाचा रस १ चहाचमचा, मूठभर हिरवी पात. हे हाताने कालवलं, मिक्सर नाही. मग ते पहिलं दाट ताक एकेक चमचा, पाचव्या टेबलचमच्याला थांबले. चमचा बुडवून उलटा केला, पाठीवरून बोटाने रेघ ओढली. रेघ तशीच राहिली.

लगेच चाखलं तेव्हा नुसती लसूण पावडर लागली आणि माझा धीर सुटला. फ्रीजमध्ये दोन तास ठेवलं. परत चाखलं तर ओहायोतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी आहे असं वाटलं.

लेकीने गाजर बुडवलं, वर काढलं, बघितलं. ओघळलं नाही. काही बोलली नाही, पण वाटी जवळ ओढून घेतली. तीन गाजरं आणि अख्खी काकडी संपली. बाटलीसारखं अगदी तंतोतंत नाहीये, ती म्हणाली, पण हे "जास्त लोण्यासारखं" आहे. डब्यात नेणार आहे सोमवारी.

खलबत्ता

सुक्या मसाल्याला पाणी पिऊन फुलायला वेळ लागतो, दोन तास त्यासाठीच. कमी वेळ दिलात तर पावडर वेगळी लागते. पात ओली आहे, त्यामुळे फ्रीजमध्ये चार-पाच दिवसांच्या वर ठेवू नका. डब्यात देताना सोबत बर्फाची थंड पिशवी ठेवा.

पोफळी

लोण्यासारखं! त्या डोंगरातल्या रँचवर पाहुणे बरण्या मागायचे ते असंच असणार.

तांबडा_भोपळा

मी आज केलं, चक्क्याचं आणि सायीचं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून. साय जिंकली. आमच्याकडे थालीपिठाबरोबर संपलं.

सायसाखर

ताम्हण, सगळं छान झालं. त्या उरलेल्या लोण्याचं तूप कढवलंस का गं?

ताम्हण

कढवलं काकू. बेरी लेकीने साखर घालून खाल्ली, भांडं पुसून.